वसुलीचा फोन आणि कोर्टाचं समन्स

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात शिवणकाम करते. जून २०१८ मध्ये एका खासगी फायनान्स कंपनीकडून १,८०,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज घेतलं, तीन वर्षांच्या मुदतीनं. तारण काही नव्हतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत हप्ते वेळेवर भरले. मग लॉकडाऊन लागला, लग्नसराईची कामं गेली आणि हप्ते थांबले ते थांबलेच. मधली काही वर्षं कुणी विचारलं नाही. आता दुसऱ्याच कंपनीचा माणूस फोन करून ‘तुमचं कर्ज आम्ही विकत घेतलंय’ म्हणतो. रात्री नऊलाही फोन येतो, माझ्या नणंदेलाही केला. मशीन उचलून नेऊ, पोलीस घेऊन येऊ, असं बोलतो. कधी गोड बोलून ‘आत्ता हजार रुपये टाका, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा, केस थांबवतो’ म्हणतो. त्यातच कोर्टाचा बेलीफ समन्स देऊन गेला. दावा ३,४२,००० रुपयांचा आहे, दाखल ११ ऑगस्ट २०२५ ला झालाय. समन्सवर ‘ऑर्डर ३७’ असं लिहिलंय, दहा दिवसांचं काहीतरी आहे, पण तारीख दीड महिन्यानंतरची आहे. म्हणजे तिकडे अजून वेळ आहे. तोवर या माणसाला हजार रुपये देऊन गप्प करावं का?

उत्तर : ताई, हजार रुपये देऊ नका, ओटीपी सांगू नका आणि कोर्टात दीड महिना आहे असं मुळीच समजू नका. तुमचं पत्र हाती आलं त्याच दिवशी फोन करून एवढं मी तुम्हाला सांगितलं होतं, कारण अंक छापून येईपर्यंत थांबणं परवडलं नसतं. इथे सविस्तर लिहिते ते तुमच्यासारखंच पाकीट हातात घेऊन बसलेल्या इतरांसाठी.

आधी समन्स. साध्या पैशाच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायची असते, कारण दाखवून कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा दावा मात्र वेगळा चालतो. याला आम्ही समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, म्हणतो. यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत स्वतः किंवा वकिलामार्फत कोर्टात हजेरी नोंदवायची आणि नोटिसा कुठे पाठवायच्या तो पत्ता द्यायचा. समन्सवरचे दहा दिवस ते हेच. वर छापलेली दीड महिन्यानंतरची तारीख बघून लोक निवांत राहतात आणि तिथेच फसतात. हजेरी नोंदली नाही तर वादपत्रातलं, म्हणजे कंपनीने दाव्यात लिहिलेलं, सगळं तुम्ही कबूल केलं असं धरून कंपनीला थेट हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, मिळू शकतो.

हजेरी नोंदवल्यावर कंपनी दुसरं समन्स बजावते, निकालासाठीचं. ते मिळालं की पुन्हा दहा दिवस. त्या दहा दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते. बचाव अगदीच पोकळ किंवा केवळ त्रास देण्यासाठी घेतलेला नसेल तर कोर्टाने परवानगी द्यायची असते. कधी काही रक्कम भरायची अट घातली जाते, आणि जेवढी रक्कम तुम्ही स्वतःच कबूल करता तेवढी भरावी लागते. एखादा दिवस चुकला तर सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण त्या आशेवर बसू नका.

आता तुमचा बचाव. तुमच्या पत्रातल्या तारखा मी पुन्हापुन्हा वाचल्या, कारण या दाव्याचा जीव तिथेच आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या रकमेच्या वसुलीसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तुमचा पहिला हप्ता थकला मार्च २०२० मध्ये, शेवटचा द्यायचा होता जून २०२१ मध्ये. कोविडमधली हप्ते सहा महिने पुढे ढकलण्याची सवलत लागली असेल तर तो डिसेंबर २०२१ वर जातो. पण वरवर तीन वर्षं मोजून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे. म्हणजे तुमच्या थकलेल्या हप्त्यांची घड्याळं खऱ्या अर्थाने १ मार्च २०२२ पासून चालू झाली. त्यात तीन वर्षं मिळवा : फेब्रुवारी २०२५ अखेर. दावा दाखल झाला ऑगस्टमध्ये. तुम्ही मधे काही सही करून दिलं नसेल तर दावा मुदतबाह्य आहे, हे तुमच्या वकिलांनी पहिल्याच परिच्छेदात मांडायला हवं. मुदतीचा मुद्दा प्रतिवादीने काढला नाही तरी कोर्टाने तो पाहायचाच, असं त्याच कायद्याचं कलम ३ सांगतं. प्रत्यक्षात गैरहजर माणसाच्या बाजूने तारखा मोजत कोण बसतं? आपण हजर राहून दाखवून द्यायच्या.

त्या हजार रुपयांची आणि ओटीपीची एवढी घाई कशासाठी, ते आता लक्षात येईल. मुदत संपण्याआधी कर्जाची सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून त्याबद्दल तशीच लेखी नोंद केली, तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यानंतर नुसते पैसे भरून ती जिवंत होत नाही. मात्र ‘मी ही रक्कम फेडीन’ असं सही करून लिहून दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा करारच होतो आणि त्यावर वसुली करता येते. ओटीपी सांगितल्यावर मोबाईलवर नेमक्या कुठल्या कागदावर तुमची सही झाली, हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. म्हणून वकिलाने कागद वाचल्याशिवाय एक रुपया नाही आणि एक अक्षर नाही. आणि गेल्या पाच वर्षांत तुम्ही काही सही केलं असेल, सेटलमेंटचा अर्ज, व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्र, काहीही, तर वकिलापासून लपवू नका.

दुसरा मुद्दा, ही नवी कंपनी कोण? कर्ज विकता येतं, त्यात बेकायदा काही नाही. पण ते लेखी, सही केलेल्या दस्ताने विकावं लागतं. वादपत्राबरोबर तो दस्त जोडलाय का, त्याच्या यादीत तुमचा कर्ज खाते क्रमांक खरोखर आहे का, हे बघा. पुष्कळदा दस्ताची पहिली दोन पानं आणि शेवटचं सह्यांचं पान जोडलेलं असतं, मधली यादीच नसते.

मग खातेउतारा घ्या आणि पट्टी धरून एकेक ओळ वाचा. तुम्ही वीस हप्ते भरले आहेत. ते सगळे जमा दिसतात का? ‘इतर आकार’ अशा नावाखाली काय काय लावलंय? व्याज कुठल्या दराने आणि करारात तो दर कुठे आहे? संगणकावरून काढलेला उतारा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, उतारा संगणकातून कसा काढला ते सांगणारं, प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्यात ते ६५ब म्हणून ओळखलं जायचं. परवानगी मिळून कैफियत द्याल तेव्हा ‘दावा खोटा आहे’ असं मोघम लिहून भागत नाही. जो मजकूर मुद्देसूद नाकारला नाही तो मान्य केला असं धरलं जातं. परिच्छेद एक, परिच्छेद दोन, असं प्रत्येकाला उत्तर हवं.

वकिलाचा खर्च हा तुमचा न लिहिलेला प्रश्न असणार. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे समन्स घेऊन जा, किंवा १५१०० वर फोन करा. यात कमीपणा काहीच नाही.

एजंटचं मी मुद्दाम शेवटी घेते, कारण तुमची झोप त्याने उडवली असली तरी तुमचा हक्क त्याच्या फोनवर ठरत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला, धमकवायला, आणि नातेवाइकांत-ओळखीत बेअब्रू करायला मनाई केली आहे. कर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांनाही हे लागू आहे. फोनची वेळ, नंबर, बोलणं वहीत लिहून ठेवा, नणंदेकडच्या फोनचाही तपशील घ्या आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्या पत्रात ‘कथित कर्ज’ असाच उल्लेख करा, कबुली होईल असं वाक्य नको. ३० दिवसांत दाद लागली नाही आणि कंपनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत असेल, तर त्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. दारात येऊन दमदाटी केली तर पोलिसात जायचं तुम्ही. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. चेक दिला असेल आणि तो वटला नसेल तर गोष्ट निराळी, त्याबद्दलची नोटीस आली की १५ दिवसांच्या आत हालचाल करावी लागते.

आणि मशीन. ते कुणी एजंट उचलून नेऊ शकत नाही. उद्या समजा दावा तुमच्या विरुद्ध गेला, तरी जप्ती कोर्टाच्या हुकमाने बेलीफ करतो, आणि कारागिराची हत्यारं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्तीतून वगळलेली आहेत. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, हेही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, ते कलम ५६ मध्ये स्पष्ट आहे. तुम्ही ज्या मशीनवर घर चालवता ते तुमच्याकडेच राहील. आज रात्री तेवढं तरी डोक्यातून काढून टाका.

तडजोड करावीशी वाटली तर ती वाईट नाही. पण मुदतीचा मुद्दा कोर्टात नोंदवल्यानंतर, तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून, आणि पैसे कंपनीच्या खात्यात भरून. एजंटच्या स्वतःच्या नंबरवर कधीच नाही. शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला हातात घ्या.

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या क्रेडिट कार्डाचे ८५,००० रुपये बाकी होते. मी जामीन नव्हतो. एजंट म्हणतो, मुलगा म्हणून तुम्हालाच भरावे लागतील. खरं आहे का?

उत्तर : नाही. वडिलांच्या मालमत्तेतून तुमच्या वाट्याला जे आलं, तेवढ्यापुरतीच वारस म्हणून तुमची जबाबदारी. तुमच्या पगारातून, तुमच्या खात्यातून नाही. वडिलांच्या नावावर काही नव्हतं तर देणं लागत नाही. बँकेला मृत्यूचा दाखला जोडून लेखी कळवा, पोच घ्या, आणि त्या कार्डाला विमा होता का तेही त्याच पत्रात विचारा. ‘मी हप्त्याने भरतो’ असं भिडेखातर लिहून देऊ नका. दावा आलाच तर हजर राहा आणि वडिलांकडून काय मिळालं, काय नाही, त्याची यादी कैफियतीबरोबर द्या.