पॉलिमर जेलचे बारीक खांब गरम केल्यावर मऊ का पडत नाहीत?

भावा, पॉलीनिपॅमचे (पाणी धरून ठेवणारं जेल बनवणारा एक पॉलिमर) 20 मायक्रॉन जाडीचे खांब तू काचेवर उभे केलेस. 37 अंशांना ते मऊ पडावेत अशी अपेक्षा होती, पण उलट आखडले आणि निम्मे बुडातून सुटले. हात ठीक आहे तुझा, पॉलिमर चुकलाय.

पॉलीनिपॅमला साधारण 32 अंशांपुढे पाणी नकोसं होतं. साखळ्या पाणी बाहेर टाकून एकमेकींना बिलगतात, जेल आक्रसून घट्ट होतं. याच जेलची चकती 40 अंशांच्या पाण्यात टाक, ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी होते. आपल्याकडे एप्रिलात दुपारी लाईट गेली की प्रयोगशाळाच 32 च्या वर जाते. माझी आठवडाभराची 'थंड' मापं त्यातच वाया गेली.

आता आकाराचं गणित. खांब वाकवायला लागणारा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, उंचीच्या घनाने कमी होतो. खांब सगळ्या बाजूंनी निम्मा झाला तर व्यासामुळे ताठपणा 16 पट घटतो, उंचीमुळे 8 पट वाढतो. म्हणजे आकारापायी निम्माच जातो, आणि घट्ट झालेलं जेल तो सहज भरून काढतं. बूड मात्र काचेला धरलेलं, ते आक्रसू शकत नाही. सगळा ताण तिथेच येतो. काचेला सायलेन, म्हणजे जेल काचेला चिकटवून धरणारं रसायन, नीट लावलं होतंस ना?

मऊच करायचं असेल तर आपली चप्पल आठव. पावसात भिजली की लिबलिबीत, सुकली की कडक. पाणी तंतूंमधले हायड्रोजन बंध सोडवतं. समुद्री काकडी या समुद्रातल्या प्राण्याच्या कातडीवरून सुचलेल्या, सेल्युलोजचे नॅनोतंतू घातलेल्या पॉलिमरमध्ये हीच युक्ती आहे. 2008 साली त्यातला ताठपणा पाण्याने सुमारे 40 पट उतरवून दाखवला होता. मी तिकडे वळलो असतो.

चाचणी 1 मिलिमीटर जाडीच्या चकतीवर घेऊन खांब किती वेगाने बदलतील ते ठरवू नकोस. जेल फुगायला किंवा आक्रसायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, हे तनाका आणि फिलमोर या संशोधकांनी 1979 मध्येच मांडलंय. चकती 50 पट जाड, म्हणजे वेळ 2500 पट. वरून पांढरी झाली तरी आत अजून पाणी असतं.

आणि फोटोसाठी खांब पंख्याखाली सुकवू नकोस. सुकताना पाणी त्यांना एकमेकांकडे ओढतं. माझे सगळे उसाच्या मोळीसारखे बांधले गेले होते, परत पाणी घातलं तरी सुटले नाहीत.