सातवीच्या विज्ञानाला आठवड्याला एकच उपक्रम देतात. एवढा गृहपाठ पुरेसा आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, विज्ञानाच्या बाई दर आठवड्याला एकच ‘करून पाहा’ देतात, स्वाध्यायाची प्रश्नोत्तरं लिहून आणायला सांगत नाहीत, वही निम्मी कोरी आहे. मग हे पुरेसं आहे का आणि शिकवणी लावावी का?

पुरेसं आहे. शिकवणी लावू नका. आणि त्या बाईंना जाऊन एकदा सांगा की तुम्ही करताय ते चांगलं करताय, कारण शाळेत त्यांना हे कुणी सांगत नसणार.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात एका खाजगी अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलं. वीस वर्षांच्या वर. तुमच्या प्रश्नातल्या ‘वही निम्मी कोरी आहे’ या चार शब्दांवरून माझं आमच्या मुख्याध्यापकांशी जे भांडण झालं, ते माझ्यापुरतं अजून मिटलेलं नाही. म्हणून हे लांबणार आहे.

२०१५ची दिवाळीची सुट्टी. सातवीच्या मुलांना मी ठरलेल्या छापाचा सुट्टीतला अभ्यास दिला नाही. एकच काम दिलं. अंगणात फूटभर काठी सरळ रोवायची, ती सरळ आहे का ते ओळंब्याने बघायचं (दोरीला दगड बांधला तरी चालतो), काठीभोवती दोरीने वर्तुळ काढायचं, त्याची त्रिज्या काठीच्या उंचीपेक्षा जरा लहान. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाच्या रेषेवर येते, ती वेळ लिहायची. दुपारी ती पुन्हा लांबत जाऊन रेषेला शिवते, तीही वेळ लिहायची. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ काढायची. तो त्या दिवशीचा खरा मध्यान्ह. नुसती ‘सावली सर्वांत लहान कधी’ हे बघायला सांगितलं तर मुलं फसतात, कारण मध्यान्हाच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं सावलीची लांबी बदलतच नाही असं वाटतं. वर्तुळाने ते नेमकं पकडता येतं. आपल्याकडचे जुने ज्योतिषी शंकू रोवून असंच करत. आणि सूर्याकडे बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं, हे मी तीनदा बजावलं होतं.

हे काम देण्यामागे कारण होतं. वर्गात विचारलं, सूर्य डोक्यावर कधी येतो? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, रोज दुपारी बारा वाजता. खरं तर आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, एकदा मेमध्ये, तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढग असतात. त्यामुळे मुलांनी तो कधी पाहिलेलाच नसतो, फक्त ऐकलेला असतो.

सुट्टी संपल्यावर बहुतेकांनी काठी उपटली. एका मुलीने नाही उपटली. वस्तीवर राहायची, वडिलांची थोडी घेवड्याची, थोडी आल्याची शेती. घड्याळ नव्हतं, वडिलांचा साधा मोबाईल होता आणि रविवारी तो घरी असायचा. म्हणून तिने दर रविवारी नोंद घ्यायचं ठरवलं आणि दर सोमवारी मला आणून दाखवायला लागली. ८ नोव्हेंबरला तिचा मध्यान्ह आला १२ वाजून १७ मिनिटांनी. डिसेंबरअखेर १२:३४. जानेवारीच्या मध्यात १२:४३. १४ फेब्रुवारीला सकाळी १०:५० आणि दुपारी २:४४, मधली वेळ १२:४७. पंधरा रविवार, त्यात दोन जागा कोऱ्या. एकीपुढे लिहिलेलं ‘ढग होते’ आणि दुसरीपुढे ‘मावशीकडे लग्न, नोंद घेतली नाही’.

बाराव्या वर्षी एका मुलीने, कुणी मागे लागलेलं नसताना, सव्वातीन महिने मोजमाप केलं आणि जिथे मोजलं नाही तिथे ‘मोजलं नाही’ असं लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी चांगली विज्ञानाची वही मी दुसरी पाहिली नाही.

फेब्रुवारीतच शाळा तपासणी झाली. पाहुण्या तपासनिसांनी वर्गातल्या पाच-सहा वह्या उचलल्या, त्यात हिची होती. स्वाध्याय सोडवलेले नाहीत म्हणून ‘अपूर्ण’ असा शेरा, आणि सावलीच्या पानावर लाल शाईने: ‘मध्यान्ह १२ वाजता असतो. दुरुस्ती करून घ्यावी.’

मी त्या दिवशी वर्गात काही बोलले नाही. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं, नंतर बघू, असा विचार केला. ती माझी चूक होती आणि ती मला आजही खुपते.

कारण पुढच्या सोमवारी ती मुलगी नवी वही घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. सुवाच्य अक्षर, पट्टीने मारलेल्या रेषा, पंधरा ओळी. पंधराही ओळींत १२:००. ढगाच्या रविवारीसुद्धा १२:००. मावशीकडच्या लग्नाच्या रविवारीसुद्धा १२:००.

तिचे आकडे बरोबर होते. आपल्या घड्याळातली वेळ ही मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ. भूगोलाच्या पुस्तकात हे असतंच, मुलं पाठही करतात. आमचं गाव तिथून सव्वाआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आमच्या माथ्याच्या रेषेवर ३३ मिनिटं उशिरा यायचा. हे मला माहीत होतं. पण नोव्हेंबरात १७ आणि फेब्रुवारीत ४७ कसे, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. तिच्या वहीमुळे मी ते शोधून वाचलं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते, त्यात आस कललेला. या दोन्हींमुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्यात १४ मिनिटं मागे. ३३ मधून १६ वजा करा, १७. ३३ मध्ये १४ मिळवा, ४७. एक काठी, एक दोरी आणि वडिलांचा मोबाईल एवढ्यावर तिने हे पकडलं होतं.

मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. त्यांच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, ती खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, सर, यात रोजचा सूर्योदय-सूर्यास्त दिलाय, दोन्हींच्या मधली वेळ काढा. त्यांनी काढली. बारा येणं शक्यच नव्हतं, पाऊण वाजून गेलेला आला. मुंबईच्या वेळा होत्या, मुंबई आमच्याहून पश्चिमेला, म्हणून आणखी पाचएक मिनिटं उशीर. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, “बाई, तुमचं खरं असेल. पण वही पूर्ण पाहिजे. वर काय दाखवायचं मी?”

त्या वाक्यावर आमचं जे सुरू झालं ते मी निवृत्त होईपर्यंत चाललं. मी म्हणायचे, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या तंत्रांत प्रयोग आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे, तोंडी काम आहे. स्वाध्याय हे त्यातलं एक तंत्र, सगळी वही त्याच्यासाठी नाही. ते म्हणायचे, पालक वही बघतात. पालक वही बघतात हेही खरंच होतं. त्या मुलीचे वडीलही एकदा आले होते, की पोरगी रविवारी उन्हात काठीपाशी बसते, अभ्यास कधी करणार. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना शाळेनेच शिकवलं होतं की अभ्यास म्हणजे लिहिणं.

आता मला सांगा, ‘व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, कारणे द्या’ याची उत्तरं घरी मुलं कुठून लिहितात? गाईडमधून. मी एकदा सलग चाळीस वह्या तपासल्या आणि एकोणचाळीस वह्यांत एकच चूक होती, कारण ती गाईडातली छपाईची चूक होती. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, नाव घालायचं आणि शिवून आणायचं. प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी असतो, तो बापाने रात्री जागून केलेला असतो. यात मुलांचा वेळ जातो, हात दुखतात आणि विज्ञानाचा संबंध येत नाही.

वेळेचं म्हणाल तर दप्तराच्या ओझ्याबद्दल केंद्राचं २०२०चं धोरण आहे. त्यात सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ, आठवड्याला पाच ते सहा तास, असं म्हटलंय. सगळे विषय मिळून. विज्ञानाच्या वाट्याला त्यातला फार तर तास येतो. रोज दहा मिनिटांची नोंद सहा दिवस केली की तो तास भरतो. मग प्रश्नोत्तरं कुठे बसवणार तुम्ही?

मी पुढे काय द्यायचे तेही सांगते, तुमच्या मुलीच्या बाईंना कदाचित उपयोग होईल. जूनमध्ये बाटली कापून पर्जन्यमापक. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो, म्हणून आधी तळ भरेल एवढं पाणी ओतून तिथे शून्याची खूण करायची, नाहीतर सगळे आकडे चुकतात. मग मटकीचे शंभर दाणे मोजून भिजवायचे, कितींना मोड आले आणि किती गणंग (न भिजणारे) निघाले. भाकरीचे दोन तुकडे, एक सुका आणि एक ओला, झाकून ठेवायचे आणि बुरशी आधी कशावर धरते ते बघायचं, हात न लावता. यावर आयांची तक्रार यायची की अन्न वाया घालवता. बरोबर तक्रार आहे, म्हणून मी शिळ्या भाकरीचा पेराएवढा तुकडा सांगायचे. थंडीत दोन वाट्यांत सारखं दूध, सारखं विरजण, एक वाटी चुलीजवळ आणि एक दाराशी. आठवड्याला एकच. सोमवारचा पहिला तास फक्त नोंदी वाचण्याचा, मोठ्याने, ज्याचं जमलं नाही त्याचीही. हे वाचन नसेल तर उपक्रम देण्यात काही राम नाही, मुलं आठवड्याभराच्या नोंदी रविवारी रात्री बसून मनाने लिहितात.

काही गोष्टी मान्य करते. आठवीला एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते, तेव्हा लेखी सराव लागतोच. सातवीतही मुलीला स्वतःच्या भाषेत दोन वाक्यं नीट लिहिता येत नसतील तर स्वाध्यायातले एक-दोन प्रश्न पुस्तक मिटून लिहायला सांगा, रोज नको. फ्लॅटमध्ये राहत असाल तर काठीचा प्रयोग गॅलरीत सूर्य येतो त्यावर अवलंबून, गच्ची मिळाली तर बरं. आणि एखादे बाई-सर ‘उपक्रम’ नुसता नावापुरता देतात आणि परत विचारतच नाहीत, असंही असतं. तुमच्याकडे तसं आहे का हे मुलीला विचारून ओळखता येईल: मागच्या आठवड्याच्या नोंदीवर वर्गात काय बोलणं झालं, एवढंच विचारा. सांगण्यासारखं काहीच नसेल तर मात्र माझं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही.

शेवटी एक काम तुमच्याकडे. मी त्या मुलीला पहिली वही मागितली होती. तोवर ती आईने चुलीत घातली होती, नवी केली म्हणून. आकडे वाचले ते केवळ मी दर सोमवारी माझ्या टाचणवहीत उतरवून घेत होते म्हणून. वर दिलेत ते तिथले. तेव्हा मुलीच्या त्या निम्म्या कोऱ्या वहीच्या पानांचे दर आठवड्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवा, खाडाखोड असेल तर तीसकट.