भिंतीतली वायर आणि दोन वर्षांची मुदत

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र जानेवारी 2026 मध्ये आलं. मे 2023 मध्ये त्यांनी जुन्या घराचं वायरिंग नव्याने करून घेतलं, 1,85,000 रुपये दिले. मार्च 2024 च्या मध्यावर टीव्हीचा स्टँड बसवताना ड्रिल वायरमध्ये घुसलं आणि सुतार थोडक्यात वाचला. तिथली भिंत फोडली, तर पाईपच नाही. झिरीत नुसती वायर ठेवून वरून प्लास्टर केलेलं, तीही बोर्डापासून तिरकी नेलेली. कंत्राटदार तेव्हापासून 'करून देतो' म्हणतोय. त्यांनी विचारलंय, वकिलाची नोटीस पाठवू का?

बाई, आधी त्या भिंतीचा पुरवठा बंद करा. मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर याच आठवड्यात बसवून घ्या.

नोटीस पाठवा, पण तिच्या उत्तराची वाट पाहू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो स्वतः तपासायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्टेट बँकेच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. 'गणपती झाले की येतो', 'दिवाळीनंतर बघू' असे कंत्राटदाराचे निरोप तुम्ही जपून ठेवलेत, पण त्यांनी मुदत थांबत नाही. नोटिशीनेही थांबत नाही. अशी पत्रं मला दर महिन्याला येतात आणि प्रत्येकात हीच दीड-दोन वर्षं वाया गेलेली असतात. माणूस भला वाटतो म्हणून आपण थांबतो आणि हक्क हातचा जातो. याचा मला खरोखर त्रास होतो.

आता मुदत कधीपासून मोजायची? दोष प्लास्टरखाली लपलेला होता, तो भिंत फोडल्यावरच कळला, म्हणून मार्च 2024 पासून, असं आपण मांडू. हे म्हणणं टिकावं, पण खात्री देत नाही. काम संपल्यापासून मोजा असं कंत्राटदार म्हणेल, आणि ते मान्य झालं तर मुदत मे 2025 मध्येच संपली. म्हणून तक्रारीसोबतच विलंबमाफीचा अर्ज द्या. ते निरोप तिथे कामाला येतील; ते फोनवरचे असतील तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. आपल्या हिशेबानेही मार्चच्या मध्याला मुदत संपते. फेब्रुवारीतच तक्रार दाखल करा.

पुराव्याची बाजू कच्ची आहे. पक्कं बिल घेतलं नाहीत, प्लास्टरआधी झिऱ्यांचे फोटो काढले नाहीत. पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम देताना एवढं तरी करायला हवं होतं. सुदैवाने त्याच्या हाताने लिहिलेल्या एस्टिमेटवर 'पाईपसह कन्सील फिटिंग' असं आहे. तो कागद मूळ स्वरूपात सांभाळा. आणि उरलेल्या भिंती घाईने फोडून नवं काम सुरू करू नका. आधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. दोन-तीन ठिकाणी प्लास्टर उघडताना त्या कंत्राटदाराला लेखी कळवून बोलवा आणि मोजपट्टी लावून फोटो काढा. भारतीय मानक 732 मध्ये घरगुती वायरिंगची पद्धत दिलेली आहे. काम तिच्यात कुठे बसत नाही, ते अहवालात मुद्देसूद यायला हवं. कंत्राटदाराचा परवाना क्रमांकही मागा. घराचं वायरिंग बदलण्याचं काम परवानाधारकानेच करायचं असतं. परवाना नसेल तर तक्रारीला बळ मिळेल, मात्र तेवढ्यावर निकाल लागेल असं नाही.

दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही आणि ती सांगलीच्याच जिल्हा आयोगात करता येते. निकाल तीन ते पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि तोवर ज्येष्ठ माणसांनी त्या भिंतींत राहायचं, हे मला अजूनही पटत नाही. म्हणून अहवाल हातात आला आणि तक्रार दाखल झाली, की निकालासाठी थांबू नका. वायरिंग दुरुस्त करून घ्या, या वेळी पक्कं बिल घ्या आणि तो खर्च तक्रारीत मागा.