मार्कशीटची वाट बघू नकोस (व्यापारी कायद्यात विषय राहिलेल्यांसाठी, जरा लांबलेलं उत्तर)

"एस.वाय.बी.कॉम., बिझनेस लॉमध्ये 34, पासिंग 40. बाकी सगळे विषय सुटले. कलमं तोंडपाठ होती. ऑफिसवाले म्हणतात, फेरतपासणीचं काय ते मार्कशीट आल्यावर बघू. काय करू?" तुझा हा प्रश्न वाचला आणि हातातला चहा बाजूला ठेवला. यातलं शेवटून दुसरं वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे, शब्दही जवळपास तेच.

आधी सांगते, मी वकील नाही. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. तुझ्या विद्यापीठाचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा परिपत्रक स्वतः वाच. आणि अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

माझं 2014 सालचं. टी.वाय.ला हाच पेपर, 36 मार्क. चार मार्कांसाठी पदवी अडकली. तालुक्याचं कॉलेज, आमच्या गावापासून एसटीने तासाभरावर. निकाल ऑनलाइन लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभी. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि पुनर्मूल्यांकन, दोन्हींचे फॉर्म मागितले. आतल्या काकांनी मान वर न करता सांगितलं, "ओरिजिनल मार्कशीट आल्याशिवाय फॉर्म घेत नाही. पंधरा दिवसांनी या." मी मुकाट घरी. पंधरा दिवसांनी गेले तर मार्कशीट आलं नव्हतं. आणखी आठवड्याने आलं. ते हातात घेऊन खिडकीशी गेले तर म्हणे मुदत संपली. निकाल जाहीर झाल्यापासून दहा दिवस, आणि ते ऑनलाइन निकालापासून मोजायचे. सूचना काचेच्या फलकात लावलेली होती, कबड्डीच्या निवडचाचणीच्या कागदाखाली अर्धी झाकलेली.

मी म्हटलं, तुम्हीच तर पंधरा दिवसांनी यायला सांगितलंत. त्यावर उत्तर आलं, "मी म्हणालो? लेखी आहे का काही तुमच्याकडे?"

तोंडी करारही कायद्याने चालतो हे सबंध वर्ष घोकलं होतं. तो सिद्ध कसा करायचा, हे त्या खिडकीशी कळलं. प्राचार्यांकडे गेले, त्यांनी पुन्हा त्याच खिडकीकडे धाडलं. एम.कॉम.चा प्रवेश गेला. गावातल्या पतसंस्थेत पदवीधर हवा होता, ती जागाही गेली. आज हे लिहितानासुद्धा दात-ओठ खाल्ले जातायत, तर असो.

तेव्हा उद्या सकाळी कॉलेजला जा आणि काहीही बोलायच्या आधी अर्ज दे. साधा हाताने लिहिलेला चालेल: नाव, बैठक क्रमांक, विषय, निकालाची तारीख, "मला उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन हवे आहे, ऑनलाइन निकालाची प्रत सोबत जोडली आहे." दोन प्रती कर. एक आवक-जावकला दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घे. याला ओ.सी., म्हणजे ऑफिस कॉपी म्हणतात. ओ.सी. घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. शिक्का द्यायला का-कू केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. ईमेलही कर. फॉर्म विद्यापीठाच्या पोर्टलवरून थेट भरता येतो का तेही बघ. हल्ली बऱ्याच ठिकाणी येतो आणि कॉलेजवाल्यांनाच ते माहीत नसतं.

मुदत गेलीच तरी एक वाट उरते. माझ्या मामांच्या ओळखीतल्या एका शिक्षकांनी ती दाखवली. माहिती अधिकारात आपली तपासलेली उत्तरपत्रिका मागता येते. 2011 साली सीबीएसईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. मात्र उत्तरपत्रिका जपून ठेवायची विद्यापीठाची मुदत संपायच्या आत. याने मार्क वाढत नाहीत. पेपर बघायला मिळतो, इतकंच.

माझा पेपर मला असा मिळाला, तोपर्यंत ऑक्टोबरची परीक्षा देऊनही झाली होती. पुरवणीच्या शेवटच्या पानावर पाच मार्कांची एक टीप होती, तिच्यावर लाल पेन फिरलेलंच नव्हतं. चार मार्क हवे होते मला. यावर जास्त लिहीत नाही.

पण पुरवणी सोडून बाकीची पानं बघितली आणि गप्प बसले. तिथे तपासणाऱ्याची काही चूक नव्हती. केसचे प्रश्न, म्हणजे प्रसंग देऊन "सकारण सांगा" असे असतात ते, त्यांत मी आठपैकी एक, दोन असे मार्क घेतले होते. तुझंही तिथेच गेलं असणार असा माझा अंदाज. कलमं पाठ असलेली मुलं तिथेच मार खातात.

एक प्रश्न असा होता: सतरा वर्षांच्या मुलाने वय एकोणीस सांगून सावकाराकडून कर्ज घेतलं, सावकाराला ते वसूल करता येईल का? मी लिहिलं होतं, "मुलाने खोटे बोलून फसवणूक केली आहे, त्यामुळे त्याला पैसे परत करावेच लागतील. खोटे बोलणाऱ्यास कायदा संरक्षण देत नाही." आजीने सांगितलेल्या गोष्टीचा शेवट. कायद्याचं उत्तर जवळपास उलटं आहे. भारतीय करार कायदा 1872, कलम 11: अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षम नाही. अठरा पूर्ण नाहीत म्हणजे अज्ञान. मग खटला: मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील न्यायालय), 1903. कलकत्त्यातल्या अज्ञान मुलाने वीस हजारांच्या कर्जासाठी घर गहाण टाकलं आणि ते गहाणखत मुळातूनच निरर्थक ठरलं. मग या प्रश्नातला मुलगा: त्याने वय खोटं सांगितलं म्हणून निरर्थक करार जिवंत होत नाही, कर्ज म्हणून वसुली नाही. मुलाकडे त्या व्यवहारातलं काही शिल्लक असेल तर न्यायालय ते परत करायला लावू शकतं, हे शेवटी एका ओळीत. ते लिहिणारे थोडे असतात, म्हणून त्याचे मार्क मिळतात.

आधी नियम, मग खटला, मग प्रसंगातली माणसं, सगळ्यात शेवटी निकाल. मी निकालापासून सुरुवात करायचे आणि तिथेच थांबायचे. ऑक्टोबरला फक्त हा क्रम बदलला. 61 पडले.

मराठी माध्यमातून आली असशील तर शब्दांकडेही बघ. मी पहिल्या चाचणीत 'कन्सिडरेशन'चा अर्थ डिक्शनरीत बघून 'विचार' घेतला आणि दोन्ही पक्षांनी करारापूर्वी नीट विचार करावा, अशी पाऊण पान शिकवण लिहिली. ते प्रतिफल असतं, म्हणजे वचनाच्या बदल्यात समोरच्याने जे दिलं किंवा केलं ते. माझ्या मैत्रिणीने 'मायनर्स अॅग्रीमेंट'चं 'किरकोळ करार' केलं होतं (खरं तर अज्ञानाचा करार), आम्ही अजून तिला त्यावरून चिडवतो. शिवाय 'व्हॉइड'ला एक गाइड शून्य म्हणतं, दुसरं निरर्थक, तिसरं रद्दबातल. एकच शब्द धर आणि पेपरभर तोच वापर.

गाइडांबद्दल माझं मत वाईट आहे, ते तसंच घे. स्वीकृतीचं पत्र पेटीत टाकलं की दोघेही बांधले गेले, असं मी एका गाइडात वाचलं होतं. तो इंग्लंडचा नियम. आपल्या करार कायद्याचं कलम 4 वेगळं आहे. समज, नागपूरच्या व्यापाऱ्याने कोल्हापूरच्या गूळवाल्याला पत्राने भाव कळवला आणि गूळवाल्याने होकाराचं पत्र टाकलं. पत्र पेटीत पडताच नागपूरवाला अडकला. गूळवाला मात्र ते पत्र नागपूरला पोचेपर्यंत मोकळा, तेवढ्यात फोन करून होकार मागे घेऊ शकतो. यावर प्रश्न हमखास येतो (माझ्या दोन्ही परीक्षांत आला होता, म्हणून हमखास म्हणतेय). ग्राहक संरक्षणाचंही तपासून घे. 1986 चा कायदा जाऊन 2019 चा आला, तो 2020 पासून लागू आहे. जिल्हा आयोगाने किती रकमेपर्यंतच्या तक्रारी घ्यायच्या, ती मर्यादा नव्या कायद्यात आधी एक कोटी होती, डिसेंबर 2021 पासून पन्नास लाख. जुन्या गाइडात वीस लाख असतील, ते लिहून येऊ नकोस.

त्यापेक्षा मूळ कायदा वाच. सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर फुकट आहे. करार कायद्यात कलमांखाली छोटी उदाहरणं दिलेली आहेत आणि परीक्षेतले निम्मे प्रसंग नावं बदलून तिथूनच उचललेले असतात, असा माझा संशय आहे. कलम 17 खालचं बघ. घोड्यात खोड आहे हे माहीत असून मालक लिलावात गप्प बसतो: ही फसवणूक नाही. तोच घोडा नुकत्याच सज्ञान झालेल्या स्वतःच्या मुलीला विकत असेल तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य. दोनच ओळी आहेत, पण मौन आणि फसवणूक हा मुद्दा त्यानंतर मला कधी पाठ करावा लागला नाही.

चेक न वटण्याचं कलम 138 (हे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातलं) तू ऑप्शनला टाकलं असशील तर काढ बाहेर. बँकेने चेक परत केल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, ते गेले की एका महिन्यात तक्रार. आमच्या ऑफिसात महिन्याला एकदोन जण तरी 30 दिवस उलटून गेल्यावर चेक घेऊन येतात. "तो म्हणाला होता पुढच्या आठवड्यात देतो" हे सगळ्यांचं ठरलेलं वाक्य.

तर तुझा निकाल नक्की कोणत्या तारखेला लागला? पोस्टमध्ये लिहिलेलं नाहीस. ते कळव, आणि अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) कर. माझा जुना अजून फाइलला आहे, शिक्का नसलेला.