काकूंचे तर्री पोहे

प्रश्न : मी धरमपेठेत वजन कमी करायचं कोचिंग करते. एक काकू, 90 किलो, शनिवारी चार्ट घेऊन जातात अन् रविवारी तर्री पोह्याच्या दोन प्लेटा हाणतात, मी रागावते, त्या हसतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी रागावणं बंद करा ना बाप्पा! विचारा, बदलायची तयारी 10 पैकी किती? 4 म्हणाल्या तर "इतकी कमी का" नका म्हणू, "2 का नाही" विचारा, मग गुडघा, शुगर, नातवामागे पळणं, कारणं त्याच सांगतील. पोहे राहू द्या, एकच प्लेट, वरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला. अन् 60 किलोचं स्वप्न नका दाखवू, 5 टक्के म्हणजे साडेचार किलो उतरले तरी शुगर-बीपीत फरक पडतो.