आधी कोणी बोलायचं, ते ठरव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून झालं. १८७० च्या आसपासचं लंडन, मेफेअर या श्रीमंत वस्तीतलं घर, मँचेस्टरहून नुकताच आलेला गिरणीमालक आणि त्याची बायको. जागा आणि माणसं दोन्ही छान धरली आहेस. अडचण एवढीच की तुझी माणसं एकमेकांशी फार पटकन बोलायला लागतात.

आदल्या रात्री जिच्याबरोबर नाचला ती मुलगी नायकाला हाइड पार्कमध्ये दिसते, तो हॅट काढतो आणि गप्पा सुरू. हे तिथे चाललं नसतं. नाचापुरती करून दिलेली ओळख नाचाबरोबरच संपायची. दुसऱ्या दिवशी ती पुढे न्यायची की नाही हे बाईने ठरवायचं. तिने किंचित मान लववली तरच त्याने हॅट उचलायची. नाही लववली, तर मुकाट्याने पुढे जायचं. शिवाय लग्नाची मुलगी पार्कात एकटी कशी? आई, मावशी, कोणीतरी वडीलधारी बाई सोबत हवीच. तुझ्या पानावर ती कुठेच दिसली नाही.

हातमोजे, पंखे, झुकून केलेलं अभिवादन हे सगळं तू सजावटीसारखं वापरते आहेस. त्या समाजात शिष्टाचाराचं खरं काम होतं कोणाला घरात घ्यायचं आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे तोंडाने न बोलता ठरवणं. कापूस, कोळसा, रेल्वे यांतून नवा पैसा आला. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गातल्या बऱ्याच पुरुषांना मतही मिळालं. घर, बग्गी, नोकरचाकर विकत घेता येत होते. रीत मात्र अंगात मुरलेली लागे. शिष्टाचाराची पुस्तकं इतकी खपली ती याचमुळे. उमरावाच्या लेकीला ती नको होती, तुझ्या गिरणीमालकाच्या बायकोला हवी होती.

आता तिचाच प्रसंग घे. तू तिला सकाळी दहाला शेजारच्या लेडीकडे धाडलं आहेस. ‘मॉर्निंग कॉल’ या नावाने तुला फसवलेलं दिसतं. ती भेट दुपारच्या जेवणानंतरची, साधारण तीन ते सहा. आणि शेजारीण दर्जाने वरची असेल, तर सुरुवात तिच्याकडून व्हायला हवी. तुझ्या बाईला थांबून राहावं लागेल. हॉलमधल्या तबकात शेजारणीचं नाव छापलेलं भेटीचं कार्ड पडलंय का, हे तुझी बाई रोज संध्याकाळी पाहते, एवढ्यावर तुझं अख्खं प्रकरण उभं राहील!

समज, एक दिवस ते आलं. मग परतफेड. बग्गी दाराशी थांबते, फूटमन, म्हणजे गणवेशातला नोकर, उतरून घंटा वाजवतो आणि बाईसाहेब आहेत का म्हणून विचारतो. ‘घरी नाहीत’ असं उत्तर आलं, तर त्या वरच्या मजल्यावर बसलेल्याही असू शकतात. आज कोणाला भेटायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी तीन कार्डं ठेवायची. तुझ्या बाईचं स्वतःचं एक, घरच्या बाईसाठी. नवऱ्याची दोन, त्या जोडप्यातल्या एकेकासाठी, कारण बाईने परपुरुषासाठी कार्ड ठेवायचं नसतं. नवऱ्याचं कार्ड आकाराने लहान. स्वतः येऊन दिलेल्या कार्डाचा कोपरा दुमडायचा. कार्डाला कार्डाने उत्तर मिळत राहिलं तर ओळख दारापर्यंतच. शेजारीण आत येऊन बसली तर ती पुढे सरकली. काहीच आलं नाही तर संपलं. कोणी वाईट शब्द बोललं नाही, आणि ज्याला कळायचं त्याला कळलं. ही शांत क्रूरता मला त्या काळातली सगळ्यात भेदक गोष्ट वाटते, आणि ती तुझ्या प्रकरणात यावी असं मला मनापासून वाटतं.

आत बोलावलंच, तरी पंधरा-वीस मिनिटांत उठायचं. इझाबेला बीटन यांनी १८६१ च्या आपल्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात हेही सांगून ठेवलंय की गळ्याभोवतीचा बोआ (लांब फरचा किंवा पिसांचा पट्टा) काढला तर चालेल, शाल आणि बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) काढायचं नाही. तुझी बाई बॉनेट काढून ऐसपैस बसली आहे. ते बदल. किंवा तसंच ठेव, आणि समोरचीच्या नजरेत ते टिपलं जाऊ दे.

विधवेचं पात्रही पुन्हा पाहा. सहा महिन्यांत तिला जांभळा रंग देऊ नकोस. पहिलं वर्षभर क्रेप नावाचं निस्तेज काळं कापड, आणि एकूण शोक दोन वर्षांहून जास्त. १८६१ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले, आणि राणीने १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत काळा वेश सोडला नाही. विधुराचं मात्र काळे कपडे आणि हॅटला काळी पट्टी एवढ्यावर भागे, तेही थोड्या काळासाठी. हा अन्याय झाकू नकोस.

एक वाचन सुचवतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, आधी वाँटेजच्या मठात राहिल्या, नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात. त्यांचा तिथला पत्रव्यवहार मिळव. खाण्यापिण्यापासून ते बाईने पुरुषांना शिकवावं की नाही इथपर्यंत इंग्रजी मर्यादा त्यांच्यासमोर आल्या आणि त्यांनी त्यांना ठणकावून उत्तरं दिली. तिथल्या रीती बाहेरून आलेल्या बाईला कशा खुपतात, हे तुला त्यात दिसेल.

दुसऱ्या प्रकरणात मेजवानी आहे म्हणालीस. लिहायच्या आधी पाहुण्यांची यादी दर्जाप्रमाणे लाव. जेवणघरात जाताना यजमान सगळ्यात मानाच्या बाईला हात देऊन पहिला निघतो, यजमानीण सगळ्यात मानाच्या पुरुषाबरोबर शेवटी, आणि मधल्या जोड्या क्रमाने. गिरणीमालकाची बायको कितव्या जोडीत आणि कोणाच्या हाताला, हे नक्की करून मला कळव. मग पुढचं बोलू.

तुझे,
सर