यंत्र हाती घेण्यापूर्वी

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

जुनी नाणी शोधण्यासाठी कोणते मेटल डिटेक्टर घ्यावे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर देतो, पण आधी कायदा वाचून घे. देशागणिक नियम फार वेगळे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाच्या संमतीने शोध घेता येतो, मात्र १९९६ च्या कायद्यानुसार जे गुप्तधन ठरू शकेल ते १४ दिवसांत कळवावे लागते. आयर्लंडमध्ये परवान्याविना पुरावस्तूंसाठी यंत्र फिरवणे हाच गुन्हा आहे. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या परिसरात तर यंत्र घेऊन पाऊलही टाकू नकोस.

आता यंत्राविषयी. त्याच्या कॉइलमधून, म्हणजे टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीतल्या धातूत विद्युतप्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहाचा प्रतिसाद तुला आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. चांदी आणि तांबे उत्तम वाहक असल्यामुळे त्यांचा स्वर बहुतेक यंत्रांत उंच व स्वच्छ येतो, तर लोखंडाचा खालचा आणि खरखरीत असतो. अडचण मधल्या स्वरांच्या पट्ट्यात आहे, कारण सोन्याचे लहान नाणे आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद तिथे जवळजवळ एकसारखेच बोलतात. कचरा टाळण्यासाठी तो पट्टा बंद केलास, तर सोन्यावरही पाणी सोडावे लागेल. धातू ओळखण्यासाठी यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा केवळ अंदाज असतो (जाहिरातीत तसे लिहीत नाहीत), म्हणून साधे यंत्र आणि चांगले हेडफोन घे व कान तयार कर. कॉइल जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरव. संकेत मिळाला की काटकोनात वळून तीच जागा पुन्हा तपास. दोन्ही बाजूंनी स्वर टिकला तरच खणायला घे. खणतानाही घाई नको. गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखा उलटा कर, माती फडक्यावर काढ आणि शेवटी खड्डा असा बुजव की मालकाला तो शोधूनही सापडू नये. तोफगोळ्यासारखे काही दिसले, तर हात न लावता मागे हो आणि पोलिसांना कळव.

मात्र खरी परीक्षा एकाऐवजी अनेक नाणी दिसू लागतात तेव्हा होते. २०१० मध्ये इंग्लंडमधील फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना एका शेतात पुरलेल्या मडक्याचे तोंड लागले. त्यांनी खणणे थांबवले, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी होती. ती एकदम उपसून न काढता थराथराने काढली गेली, आणि त्यामुळेच कॅरॉशियस या सम्राटाची, म्हणजे त्या साठ्यातली सर्वांत अलीकडची नाणी मुख्यतः मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात होती, हे समजले. वर्षानुवर्षे थोडी थोडी शिल्लक टाकत गेले असते, तर ती वर असायला हवी होती. म्हणजे मडके बहुधा एकाच वेळी भरले गेले. क्रिस्प यांनी हौसेने हात घालून नाणी पिशवीत भरली असती, तर संख्या तीच राहिली असती, पण हा निष्कर्ष कायमचा हरवला असता. म्हणून एकटे नाणे सापडले तरी त्याची जागा, खोली आणि तारीख तिथेच वहीत लिही, प्रत्येक नाण्याला वेगळी पिशवी दे आणि तिच्यावर क्रमांक घाल.

नाणे घासू नकोस. अंगठ्याने माती पुसण्याचा मोह फार होतो, परंतु मातीतले वाळूचे कण तेवढ्यातच अक्षरे खरवडतात. चांदीचे नाणे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजत ठेवता येते. तांब्याच्या नाण्यावरचा गुळगुळीत हिरवा थर त्याचे रक्षण करतो, म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा पॉलिश त्याच्या वाऱ्यालाही नको. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर क्षारांमुळे धातू आतून पोखरला जात आहे असे समज. ते नाणे कोरडे ठेव आणि जाणकाराकडे ने.

शेतात जाण्यापूर्वी स्वतःच्या मालकीच्या थोड्या जमिनीत चलनातली काही नाणी वेगवेगळ्या खोलीवर पूर, एक नाणे उभे ठेव आणि एकाशेजारी गंजलेला खिळा टाक. उभ्या नाण्याचा आवाज किती क्षीण येतो आणि खिळा शेजारच्या नाण्याला कसा झाकतो, ते नीट ऐक. जे ऐकू येईल ते मला लिहून कळव. त्यावरून तुझ्या यंत्राच्या सेटिंगबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा शुभचिंतक